आपल्या मुलखाचा इतिहास मुलांच्या हाती : गोष्टीचं पुस्तक कसं निवडायचं?



जून महिना आला की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. कुणाला मुलाची फी भरायची असते, कुणाला दप्तर, वह्या, गणवेश घ्यायचा असतो. गट पैसे देतो, हप्ते ठरतात, वेळेवर फेडही होते. पण गोष्टीच्या पुस्तकासाठी कुणी पैसे मागितल्याचं क्वचितच ऐकायला येतं. शाळेचं पुस्तक मिळालं म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो.

शाळेच्या पुस्तकात इतिहास असतोच. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवरायांचा सगळा इतिहास आहे. पण एका पुस्तकात साऱ्या राज्याचा, साऱ्या देशाचा इतिहास बसवायचा म्हटल्यावर आपल्या तालुक्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, नाहीतर तीही येत नाही. मग मुलांना वाटायला लागतं की इतिहास म्हणजे दूरच्या किल्ल्यावर, मोठ्या लोकांनी केलेलं काहीतरी. आपल्या गावात काही घडलंच नाही, आपल्या माणसांनी काही केलंच नाही. असा समज घेऊन मोठं झालेलं मूल पुढे ग्रामसभेत तोंड उघडत नाही. आपल्या माणसांनीही बदल घडवलाय, हे त्याला कधी कळलेलंच नसतं.

म्हणून पुस्तक घ्यायचं, पण डोळे उघडे ठेवून घ्यायचं. बियाणं घेताना आपण पिशवी उलटीसुलटी करून बघतो, तसंच पुस्तकही बघून घ्यायचं.

आधी आपला मुलूख शोधा

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा : आपल्या जिल्ह्यात काय घडलंय? प्रत्येक भागात काही ना काही आहेच. ही काही उदाहरणं बघा.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दहावीतल्या पोराएवढा.

उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रह झाला. सरपणासाठी, चाऱ्यासाठी जंगलात जाण्याचा हक्क हा त्या लढ्याचा विषय होता. मोळीचं ओझं डोक्यावर वाहिलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही.

महाडला २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. पाण्यासाठी माणसाला लढावं लागलं, हे आपल्या मुलांना कळायलाच हवं.

मराठवाड्यात निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली. देश स्वतंत्र झाल्यावरही तिथल्या लोकांना वर्षभर जास्त वाट बघावी लागली. डहाणू-तलासरी भागात १९४५ मध्ये वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. विदर्भात चिमूर आणि आष्टी इथं १९४२ च्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले. सातारा-सांगलीकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं.

आपल्या जिल्ह्याचं नाव यात नसलं तरी शाळेतल्या बाईंना विचारा, गावच्या ग्रंथालयात विचारा. मग त्या विषयावरचं पुस्तक शोधा. पुस्तकात ओळखीच्या गावाचं, नदीचं, डोंगराचं नाव आलं की मूल लगेच म्हणतं, "आई, हे तर आपल्या मामाच्या गावाजवळ!" इतिहास जिवंत होतो तो असा.

पुस्तक हातात घेतल्यावर पाच गोष्टी बघा

१. यात साधी माणसं आहेत का?

राजे, सेनापती असावेतच. पण त्यांच्या सैन्याला धान्य कुणी पिकवलं, किल्ल्याचा दगड कुणी घडवला, जखमींना कुणी सांभाळलं, हेही पुस्तकात यायला हवं.

शिवाजी महाराजांवरची पुस्तकं बाजारात ढिगानं मिळतात. त्यातून निवडायचं कसं? नुसत्या लढाया आणि तलवारी असलेलं पुस्तक मुलं एकदा वाचतात आणि ठेवून देतात. त्यापेक्षा महाराजांचा कारभार दाखवणारं पुस्तक घ्या. १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं एक पत्र आजही उपलब्ध आहे. गवत-दाणा पावसाळाभर पुरवून वापरा, दिव्याची वात उंदरानं पळवली तर गंजीला आग लागेल, शेतकऱ्याला त्रास देऊ नका, असं त्यात बजावलंय. कडब्याच्या गंजीची काळजी करणारा राजा! ज्या घरात गाय-बैल आहेत, त्या घरातल्या मुलाला हे पटकन भिडतं.

२. यात बाई काय करते?

हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारायचाच. बाई फक्त ओवाळायला आणि रडायलाच येत असेल तर पुस्तक अर्धवट आहे.

आपल्याकडे उदाहरणांना तोटा नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात १८४८ ला मुलींची शाळा काढली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या लहान मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, हे किती मुलींना ठाऊक आहे? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून बायकांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना खडे बोल सुनावले.

प्रतिसरकारच्या लढ्यातल्या हौसाबाई पाटील या नाना पाटलांच्या कन्या. त्यांनी स्वतः सांगितलेली आठवण मोठी मजेची आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोचं भांडण लागल्याचं नाटक केलं. साथीदार नवरा बनून मारतोय आणि त्या ओरडतायत! भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं नेली. अशी गोष्ट एकदा वाचली की मुलगी ती विसरत नाही.

३. खरं कुठलं आणि सांगोवांगी कुठलं, हे पुस्तक सांगतं का?

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली. ही आख्यायिका आहे, पिढ्यान्पिढ्या लोक सांगत आलेत. ती मुलांना जरूर सांगावी, तिच्यातलं आईचं काळीज खरंच आहे. पण चांगलं पुस्तक तिथं "असं सांगतात" हे दोन शब्द लिहितं. आणि पत्र, शिलालेख, त्या काळातली नोंद यांचा आधार असतो, तिथं तसंही सांगतं. हा फरक लहानपणी कळला की पुढे मोबाईलवर येणारा प्रत्येक मेसेज मूल डोळे मिटून खरा मानत नाही.

चित्रंही तपासा. शिवकाळातल्या घरात कपबशीतून चहा पिताना दाखवला असेल तर समजा की काम घाईत उरकलंय. आपल्याकडे घराघरात चहा आला तो इंग्रजी अमदानीत. पुस्तकाच्या आतल्या पानावर लेखकाचं, चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव आहे का, तेही बघा. कुणाचंच नाव नसलेलं पुस्तक नको.

४. हे पुस्तक मुलाच्या मनात कुणाबद्दल विष तर पेरत नाही?

हा मुद्दा नाजूक आहे, पण बोलायलाच हवा. लढाई म्हटली की शत्रू आलाच. पण त्या काळातल्या राजाशी असलेलं वैर आजच्या शेजाऱ्यावर ढकलणारं पुस्तक घरात नको. आपल्या गटात सगळ्या जातीधर्माच्या बाया एका सतरंजीवर बसतात, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. आपल्या मुलांनी उद्या एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघितलं तर गट तरी कसा टिकेल?

सोलापूरचा इतिहास मुलांना सांगा. १९३० मध्ये तिथं इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. चारही नावं मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. एकाच शहरातली ही माणसं एकाच कारणासाठी एकाच दिवशी गेली.

५. मुलाला ते वाचता येतं का?

पुस्तक कितीही चांगलं असू द्या, मुलाला झेपलं नाही तर ते फडताळातच राहणार. घेण्याआधी मधलं एक पान मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. एका पानावर पाच-सहा ठिकाणी अडखळलं तर ते पुस्तक अजून वर्षभरानं घ्यायचं. तिसरीपर्यंतच्या मुलांना मोठी चित्रं आणि पानावर चार-पाच ओळी पुरतात. चौथी ते सहावीला एका माणसाची किंवा एका प्रसंगाची पूर्ण गोष्ट आवडते. सातवीच्या पुढे थोडं मोठं चरित्र चालतं. घरात अहिराणी, गोंडी, कोरकू, भिली बोलत असाल तर आपण गोष्ट घरच्या बोलीत सांगायची आणि मुलानं पुस्तकातून मराठीत वाचायची.

ज्या मैत्रिणींना वाचता येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. मूल वाचत असताना त्याचा चेहरा बघा. पान संपल्यावर "पुढं काय झालं?" म्हणून ते स्वतःच पान उलटतं का? उलटत असेल तर निवड बरोबर आहे.

पैसे कुठून आणायचे?

काही वाचन फुकट मिळतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर तिथं बालविभाग मागा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकंही परवडणाऱ्या किमतीत मिळतात.

विकत घ्यायची असतील तर हिशोब सोपा आहे. गटातल्या १२ जणींनी महिन्याला १० रुपये वेगळे टाकले तर वर्षाला १,४४० रुपये होतात. ग्रामसंघातल्या ५ गटांनी असं केलं तर ७,२०० रुपये जमतात. पाचही गटांनी तीच ती पुस्तकं घेऊ नयेत. प्रत्येक गटाची एक पेटी ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी पेट्या अदलाबदल करायच्या. म्हणजे एका गटाच्या पैशात मुलांना पाच पेट्या वाचायला मिळतात. पुस्तक कुणी नेलं, कधी परत आलं, याची नोंद एका वहीत ठेवायची आणि हे काम मोठ्या मुलींकडे द्यायचं. बचतीची नोंदवही आपण जशी चोख ठेवतो, तशीच हीसुद्धा.

जे पुस्तक बाजारात मिळत नाही

एक पुस्तक मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही. ते आपल्या सासूबाईंच्या, आजीच्या डोक्यात आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या बाया अजून आपल्यात आहेत. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, डोक्यावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी केल्या. त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा झाला, तो १९७९ पासून लागू आहे. म्हणजे आपल्या आज्यांच्या घामानं कायदा घडला. याहून मोठा इतिहास कुठला?

सहावी-सातवीतल्या मुलांच्या हातात शंभर पानी वही द्या आणि त्यांना आजीसमोर बसवा. विचारायला सांगा : तेव्हा पाणी कुठून आणायचे? मजुरी किती मिळायची? लहान मुलांना कामावर कुठं ठेवायचे? गावातलं तळं, रस्ता, बांध कुणी बांधला? आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही लिहून घ्या. खाली आजीचं नाव, गाव आणि तारीख घाला. ही वही पुस्तकपेटीत ठेवा, छापील पुस्तकांच्या शेजारी. या आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. लिहून घ्यायचं राहिलं तर हे सगळं त्यांच्यासोबतच जाईल.

पुढच्या बैठकीसाठी

येत्या मासिक बैठकीत कर्जवाटपाचा विषय संपला की दहा मिनिटं काढा आणि तीन गोष्टी ठरवा :

- आपल्या तालुक्यातली कोणती घटना किंवा व्यक्ती मुलांना कळायला हवी?
- पुस्तकं बघून आणायला कोण दोघी जाणार आणि सोबत कुठली दोन मुलं नेणार? पुस्तक मुलांसाठी आहे, निवडायलाही तीच हवीत.
- आजीच्या आठवणींची पहिली वही कुणाच्या घरात सुरू होणार?

जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, म्हणजे ते राहून जाणार नाही.