आधाररेषेवरील गोंगाट आणि मापनाची पुनरावृत्तिक्षमता

एकाच नमुन्याचे मापन त्याच उपकरणावर व त्याच परिस्थितीत पुनःपुन्हा केले असता येणारी उत्तरे परस्परांशी कितपत जुळतात, यास मापनाची पुनरावृत्तिक्षमता म्हणतात. द्रव वर्णलेखनात, म्हणजेच लिक्विड क्रोमॅटोग्राफीत, ती ठरविण्याची रूढ रीत अशी की, नमुना अनेकदा स्तंभात सोडावा आणि मिळालेल्या शिखरांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण विचलन काढावे. तथापि केवळ सहा मापनांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच अनिश्चित असते. खरे मूल्य त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.५ पटीपर्यंत कोठेही असू शकेल, इतकेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. मापने वाढवावीत, तर नमुना व वेळ दोहोंचा व्यय होतो.

या अडचणीतून युझुरु हायाशी व रिएको मात्सुदा या जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये एक मार्ग दाखविला. शिखराचे क्षेत्रफळ म्हणजे ओळीने घेतलेल्या अनेक वाचनांची बेरीज होय. प्रत्येक वाचनात गोंगाटाचा अंश मिसळलेला असतो. म्हणून गोंगाटाचे स्वरूप कळल्यास क्षेत्रफळातील चूक गणिताने काढता येते. नमुना पुनःपुन्हा सोडावा लागत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. समजा, शिखरावर १०० वाचने आहेत आणि प्रत्येकातील गोंगाटाचे प्रमाण विचलन १ एकक आहे. वाचने परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर बेरजेचे प्रमाण विचलन १० येईल. परंतु तापमानातील फरकामुळे किंवा दिव्याच्या अस्थैर्यामुळे आधाररेषा हळूहळू भरकटते आणि लगतची वाचने एकाच दिशेने चुकतात. लगतच्या वाचनांतील सहसंबंध ०.९ असून तो अंतराबरोबर भूमितीय श्रेणीने घटत असेल, तर तेच विचलन सुमारे ४१ होते. क्षेत्रफळ १,००० एकके असल्यास चूक १ टक्का नव्हे, तर ४.१ टक्के ठरते. गोंगाटाची उंची दोन्ही प्रसंगी सारखीच असल्याने केवळ संकेत-गोंगाट गुणोत्तरावरून हा फरक उमगत नाही. यास्तव उपर्युक्त संशोधकांनी गोंगाट हा श्वेत गोंगाट व मार्कोव्ह प्रक्रिया यांचे मिश्रण मानला आणि त्यांची प्राचले आधाररेषेच्या शक्तिवर्णपटावरून काढली. आयएसओ ११८४३ या मानकाच्या २०१२ मध्ये निघालेल्या सातव्या भागात शोधनक्षमता ठरविण्यासाठी हीच विचारसरणी स्वीकारलेली आहे.

या रीतीची मर्यादाही स्पष्ट आहे. नमुना सोडताना आकारमानात होणारी चूक आधाररेषेवर उमटत नाही. ती ०.५ टक्के धरून दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज केली, तर १,००० एककांच्या शिखरावर एकूण चूक ४.१ टक्केच राहते. मात्र १०,००० एककांच्या शिखरावर गोंगाटाचा वाटा ०.४१ टक्के, तर एकूण चूक ०.६५ टक्के होते. सारांश, अल्प संहतीत आधाररेषेवरील विसंबणे युक्त आहे. अधिक संहतीत प्रत्यक्ष पुनर्मापनास पर्याय नाही. शिवाय आधाररेषा नोंदविताना प्रवाहवेग, वाचनांमधील कालांतर व गाळणी ही प्रत्यक्ष मापनाप्रमाणेच ठेवली पाहिजेत. अन्यथा गणित अचूक असूनही निष्कर्ष भलत्याच उपकरणस्थितीचा ठरेल.