चहाचा कागदी कप आणि खताचा खड्डा

हॉटेल, कॅन्टीन, लग्नाचा मांडव, कोठेही जा, चहा हल्ली कागदी कपात हाती येतो. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे कप, पेले, काटेचमचे अशा एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि कागदी कपाला रान मोकळे झाले. त्यातच आता ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खत होणारा, असा शिक्का मारलेला कप बाजारात आला आहे. विकणारा सांगतो, चहा घ्या, कप खड्ड्यात टाका, थोड्या दिवसांत त्याचे खत होईल. चार पैसे जास्त मोजून असे कप घेणारे हॉटेलवाले आहेत, आणि हॉटेलचा ओला कचरा गाडीत भरून आपल्या खड्ड्यात नेणारे शेतकरीही आहेत. या सांगण्यात खरे किती आणि वरकरणी किती, हे दोघांनाही माहीत असले पाहिजे, म्हणून या वेळी तोच विषय घेतला आहे.

कागदी कप मुळात निघाला तो आरोग्यासाठी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत रेल्वे स्टेशनावर आणि शाळेत पाण्याच्या पिंपाशी साखळीने बांधलेला एकच पेला असे व सगळे त्यातूनच पाणी पीत. क्षयासारखे रोग त्यातून पसरण्याचे भय होते. १९०९ साली कॅन्सास राज्याने असा सामाईक पेला ठेवण्यास बंदी केली, आणि त्याच सुमारास लॉरेन्स ल्युएलेन या गृहस्थाचा कागदी पेला लोकांपुढे आला. तो थंड पाण्याचा होता. गरम चहाकॉफीची गोष्ट निराळी, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

कागद म्हणजे लाकडाचा लगदा. ओला झाला की तो मऊ पडणारच, मग गरम चहात किती टिकणार? म्हणून कपाच्या आतल्या बाजूस पॉलिथिनचा पातळ पापुद्रा चढवितात. कपाच्या एकूण वजनात हा पापुद्रा सुमारे पाच ते दहा टक्के असतो. चहा गळू न देणे हे त्याचे एक काम. शिवाय कपाची उभी शिवण आणि बूड चिकटते तेही हाच पापुद्रा उष्णतेने वितळवून. त्यामुळे तो काढून टाकला तर कपच उभा राहत नाही. असा कप उकिरड्यात गेला की वाळवी, बुरशी आणि जंतू कागद फस्त करतात, पण पापुद्रा जसाच्या तसा मागे राहतो. पुढे नांगराने, उन्हाने त्याचे तुकडे होतात आणि ते बारीक होत होत मातीत मिसळतात. दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे.

पोटात जाणाऱ्या भागाविषयीही थोडे सांगणे जरूर आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापिका सुधा गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सियस इतके गरम पाणी १५ मिनिटे ठेवून पाहिले. १०० मिलिलिटर पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या कणांनी माणसास नेमके काय होते हा प्रश्न अजून संशोधनाचा आहे, तेव्हा कोणी घाबरून जाऊ नये. परंतु चहा कपात तासभर झाकून ठेवण्याची सवय मात्र सोडलेली बरी. तमिळनाडू सरकारने तर १ जानेवारी २०१९ पासून प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी कप बंदच केले. कारखानदार न्यायालयात गेले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कपांवरील ती बंदी कायम ठेवली.

आता खत होणाऱ्या कपाकडे वळू. त्यात कागद तोच असतो, फक्त पापुद्रा बदललेला असतो. पॉलिथिनच्या जागी बहुधा पीएलए नावाचा पदार्थ वापरतात. त्याचे पूर्ण नाव पॉलिलॅक्टिक आम्ल. मक्याच्या पिठूळ भागापासून किंवा उसाच्या साखरेपासून जंतूंच्या साहाय्याने आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात. दूध विरजले की दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. या आम्लाचे रेणू साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत गुंफले की प्लॅस्टिकसारखा पदार्थ तयार होतो. म्हणजे मूळ शेतातले असले तरी पीएलए हेही एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे, हे विसरू नये.

पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. सरबताचे जे पारदर्शक पेले पीएलएचे असतात त्यांत चहा ओतला तर पेला हातातच वाकतो. गरम कपात ते चालते, कारण आकार धरून ठेवण्याचे काम बाहेरचा कागद करतो. झाकणासाठी निराळी प्रक्रिया करून कठीण केलेले पीएलए घ्यावे लागते.

ते कुजते कसे हे शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे, कारण खरी मेख येथेच आहे. पालापाचोळ्यावर जंतू थेट तुटून पडतात. पीएलएची लांब साखळी मात्र साध्या जंतूंना सहजी खाता येत नाही. आधी पाणी आणि उष्णता मिळून ती साखळी तोडतात, बारीक तुकडे झाले की मग जंतू ते खातात. हे तोडण्याचे काम ६० अंशांजवळ झपाट्याने होते. २५-३० अंशांवर इतके मंद होते की वर्षे निघून जातात. आपल्याकडे कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे. त्यातील चाचणी सुमारे ५८ अंश उष्णतेच्या कंपोस्टात घेतात. १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक तुकडे राहता कामा नयेत, आणि सहा महिन्यांत त्यातील निदान नव्वद टक्के कर्ब वायुरूप होऊन गेला पाहिजे. अशा खतात बी रुजवून रोपांना अपाय होत नाही ना, हेही पाहतात.

वायुरूप होऊन गेला, हे शब्द लक्षात घ्या. पीएलएचा पापुद्रा कुजून पिकाच्या पदरात नत्र, स्फुरद, पालाश यांतले काहीच पडत नाही. त्याचा होतो कार्बन डायॉक्साइड आणि पाणी. ‘खत होते’ याचा अर्थ येथे ‘मागे घाण उरत नाही’ एवढाच. जमीन त्याने कसदार होते असे नाही.

साठ अंश उष्णता खड्ड्यात येते का? येते, पण तशी मेहनत घेतली तर. इंदूरच्या वाचकांना हे सांगताना आम्हांस विशेष समाधान वाटते, कारण ती पद्धत त्यांच्याच गावाच्या नावाने जगभर गेली. सर आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून १९३१ साली शेतीतील टाकाऊ वस्तूंवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि त्यातून ‘इंदूर पद्धत’ प्रसिद्ध झाली. काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर, पुरेसा ओलावा, हवा खेळावी म्हणून ठराविक दिवसांनी परतणे, असे केले की ढीग आरंभी सुमारे ६५ अंशांपर्यंत तापतो, पुढे हळूहळू निवतो आणि तीन महिन्यांत खत तयार होते. वाड यांचे नाव मात्र हॉवर्ड यांच्या मानाने फारच थोडे घेतले जाते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

परसातला खड्डा असा नसतो. रोजची टोपलीभर भाजीची देठे, वर थोडा केर, आणि परतण्याचे नाव नाही. त्यात वाफ धरत नाही. गांडूळखताच्या वाफ्याची तर गोष्टच सोडा. तो थंड ठेवावाच लागतो, कारण ३५ अंशांच्या वर उष्णता गेली की गांडुळे मरू लागतात. तेव्हा गांडूळखतात पीएलएचा कप टाकला तर कागद जाईल आणि पापुद्रा चाळणीवर येईल. गोबर गॅसच्या टाकीतही हवा नसते आणि उष्णता बेताची असते, म्हणून तेथेही तो टाकू नये. उघड्यावर फेकला तर तो नदीओढ्यात पडून राहतोच. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी कप पाण्यात व गाळात चार आठवड्यांपर्यंत ठेवून २०२३ साली दाखवून दिले की, पॉलिथिनचा असो वा पीएलएचा, दोन्हींतून उतरणाऱ्या द्रव्यांनी पाण्यातल्या डासासारख्या कीटकांच्या अळ्यांची वाढ खुंटते.

कप खरा की खोटा हे ओळखावे कसे? खोक्यावर ‘बायोडिग्रेडेबल’, ‘इको’, ‘नैसर्गिक’ असे लिहिले असेल तर त्याला काही किंमत देऊ नये. पानाचे हिरवे चित्र तर कोणीही छापतो. विक्रेत्याकडे वरील मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा. घरी एक साधी परीक्षा करता येते. कप तासभर कोमट पाण्यात भिजवून बोटांनी चोळावा म्हणजे लगदा निघून पापुद्रा हाती येतो. तो अगदी स्वच्छ करून, बुडबुडे काढून, पाण्याच्या भांड्यात खाली दाबून सोडावा. पॉलिथिन पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. तरंगला की समजावे, हा कप खत होणारा नाही. पीएलए बुडते, पण बुडणारी इतर प्लॅस्टिकेही आहेत, म्हणून बुडाला एवढ्यावरून खात्री धरू नये.

हॉटेलवाल्यांनी आधी एवढेच विचारावे, की आपल्या गावचा कचरा जेथे जातो तेथे मोठे, तापणारे ढीग घालतात का, आणि असे कप तेथे घेतात का? बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकसारखे दिसते म्हणून कामगार ते बाजूला काढतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. दोन्ही कप दिसायला सारखेच. घेत असतील तर जादा पैसे सार्थकी लागतात. नसतील तर तो खर्च नुसत्या शिक्क्यावर होतो.

ज्या शेतकऱ्याला कप घ्यावयाचेच आहेत त्याने केवळ प्रमाणपत्राचे कप, एकाच ठिकाणाहून, साध्या कपांची सरमिसळ न होता घ्यावेत. ते फाडून, भिजवून, निदान पुरुषभर लांबी-रुंदीच्या ढिगाच्या मध्यभागी घालावेत. कडेला उष्णता पोहोचत नाही. कागदात कर्ब फार आणि नत्र नाममात्र. कुजण्यासाठी तीस भाग कर्बास एक भाग नत्र असे प्रमाण लागते, म्हणून कपांसोबत ताजे शेण, हिरवा पाला, गोमूत्र भरपूर हवे, नाहीतर ढीग थंडच बसेल. आणि खत शेतात नेण्यापूर्वी चाळावे. चाळणीवर राहिलेले पुढच्या ढिगात परत घालावे.

कुल्हडाविषयी पुष्कळ जण विचारतात. तो प्लॅस्टिकमुक्त खरा, पण भाजलेल्या मातीची पुन्हा माती होत नाही. कौलांसारखे तुकडे पडून राहतात, शिवाय भट्टीला जळण लागते. उसाच्या चोयट्यांपासून साच्यात दाबलेल्या वाट्या-ताटल्या जेवणास ठीक आहेत, मात्र त्यांवर तेल न शोषण्यासाठी कोणते द्रव्य मारले आहे ते विचारून घ्यावे. यांतील पीएफएएस नावाची टिकाऊ द्रव्ये शरीरास अपायकारक असल्याने अमेरिकेत अन्नाच्या कागदी वेष्टनांवर तेल अडविण्यासाठी ती विकणे बंद झाले आहे.

जेथे लोक बसून चहा घेतात त्या कॅन्टीनला काचेचा किंवा स्टीलचा पेलाच सर्वांत स्वस्त पडतो असे आमचे मत आहे. तक्रार असते ती नीट न धुण्याची. तिला उपाय तीन भांड्यांचा. पहिल्यात साबणाचे गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, आणि तिसऱ्यात ७७ अंश किंवा त्याहून गरम पाणी. त्यात पेले जाळीच्या टोपलीत घालून अर्धा मिनिट बुडवावेत आणि फडक्याने न पुसता उपडे ठेवून वाळू द्यावेत. तिसऱ्या भांड्यात थर्मामीटर टांगून ठेवावा. हाताला चटका बसतो यावरून अंदाज बांधू नये, कारण चटका ५५ अंशांसही बसतो.