काहीही चालेल म्हणणारं इंजिन

नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता रणगाड्यासमोर सगळे तोफेशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी मागे जातो, इंजिनाच्या बाजूला. याच नगरात लुना मोपेड तयार व्हायची. लुना आणि हे ३९ टनांचं धूड, दोघांच्या पोटात टू-स्ट्रोक इंजिन, हे सांगितलं की लोकांना थट्टाच वाटते.

विजयंता चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनला, पण त्याचं इंजिन मूळचं ब्रिटिश: लेलँडचं एल-६०. ते घडवलं होतं चीफ्टन या ब्रिटिश रणगाड्यासाठी. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाटोचा आग्रह होता, की रणगाड्याला डिझेल, पेट्रोल, केरोसीन, जे हाती लागेल ते चाललं पाहिजे. कागदावर अट झकास. पण पेट्रोल नुसत्या दाबाने पेटवणं सोपं नाही. म्हणून ब्रिटिशांनी जर्मन युंकर्सच्या जुन्या विमान-इंजिनांची कल्पना उचलली. सहा उभे सिलिंडर, पिस्टन मात्र बारा. प्रत्येक सिलिंडरात एक पिस्टन वरून खाली येतो, दुसरा खालून वर. मधल्या चिंचोळ्या जागेत इंधन पेटतं. हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. हवा आत यायची आणि जळका वायू बाहेर जायची भोकं सिलिंडरच्या भिंतीतच.

गोम तिथेच होती. पिस्टनच्या रिंगा त्या भोकांवरून सतत घासत जाणार, तुटणार. भिंतीवरचं वंगणाचं तेल भोकातून एक्झॉस्टमध्ये जाणार. मग मागे निळसर धूर. थंडीत पहिल्यांदा सुरू केलं की न जळलेल्या इंधनाचा पांढरा लोट. दबा धरून बसायचं, आणि आपणच ढग सोडून पत्ता सांगायचा!

धूर एक वेळ सोसला असता. लायनरची सीलं गळायची आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी नको तिथे शिरायचं. पंख्यांची जोडणी तुटायची. ठरवलेली ताकद ७५० अश्वशक्तीच्या आसपास, सुरुवातीला मिळाली ५८५. चीफ्टन चौपन्न-पंचावन्न टनांचा. म्हणजे टनामागे जेमतेम ११. त्याच काळातल्या जर्मन लेपर्डकडे ४० टनांना ८३० अश्वशक्ती होती. चीफ्टनची १२० मिलिमीटरची तोफ मात्र अव्वल. तेव्हा योग्य जागी बंद पडला तर याच्यासारखा रणगाडा नाही, असा विनोद त्याच्यावर चालायचा.

कारागिरांना दोष देणं मला पटत नाही. एका अवघड अटीपायी, पुरेशी पारख न झालेलं यंत्र अरुंद खोक्यात कोंबलं गेलं. १९७०च्या दशकात दुरुस्त्यांची मालिका चालली, ताकद वाढली, सीलंही सुधारली. पण तोवर रणगाडा वापरात येऊन दशक उलटलं होतं. पुढच्या चॅलेंजर रणगाड्याला ब्रिटिशांनी निमूटपणे १२०० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन बसवलं.

विजयंताला तेच एल-६० मिळालं, ५३५ अश्वशक्तीवर बांधलेलं. अंगाने हलका असल्याने टनामागे हिशेब चीफ्टनपेक्षा बरा, पावणेचौदाच्या घरात. १९७१च्या युद्धात तो लढला.

आवडीतच पुढे टी-७२ बनू लागला, आपला अजेय. त्याचं इंजिन साधं-सरळ व्ही-१२ डिझेल. तोही धूर ओकतो, भरपूर ओकतो: तापलेल्या एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारलं की त्याची वाफ होते, बाहेर गार पडून दाट पांढरा पडदा तयार होतो आणि रणगाडा त्याआड लपतो. फक्त हा धूर चालक बटण दाबून काढतो, आणि हवा तेव्हा बंद करतो.