लग्न पक्कं, ग्रीन कार्ड कच्चं!

परदेशात राहायला मिळावं म्हणून केलेलं लग्न कायद्याने आपोआप रद्द होतं, असा सर्रास समज आहे. तसं नाही! लग्न बहुतेकदा टिकतं, व्हिसा मात्र हातचा जातो.

५० पौंडांचा नवरदेव
१९५४ साली बेल्जियमच्या एका तरुणीने ब्रिटनमधून हद्दपारी टळावी म्हणून स्मिथ नावाच्या इंग्रजाशी लग्न केलं. त्याला मिळाले ५० पौंड आणि दक्षिण आफ्रिकेचं तिकीट. संसार झालाच नाही. १९७० मध्ये तिने इटलीत दुसरं लग्न केलं आणि त्याच दिवशी हा दुसरा नवरा वारला. त्याच्या मालमत्तेवर हक्क सांगायचा, तर स्मिथशी झालेलं लग्न रद्द ठरायला हवं. बेल्जियमच्या कोर्टाने ते रद्द ठरवलंही. पण १९८२ मध्ये ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल मानला नाही. दोघांनी राजीखुशीने लग्न केलं, हेतू काहीही असो, लग्न वैधच! ज्या लग्नाने हद्दपारी टळली, तेच वारसाहक्काच्या आड आलं.

लग्न गेलं बाजूला
अमेरिकी सैनिकांच्या परदेशी बायकांना सहज प्रवेश मिळावा म्हणून १९४५ मध्ये कायदा झाला. त्याचा फायदा घ्यायला काहींनी पॅरिस गाठून नावापुरती लग्नं लावली. १९५३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की लग्न वैध आहे का, हा प्रश्नच इथे गैरलागू. सरकारला फसवण्याचा कट हा गुन्हा.

कांदेपोहेही चालतात
आजही अमेरिकेत पाहतात ते एवढंच: लग्नाच्या वेळी एकत्र संसार करायचा इरादा होता का? ठरवून केलेल्या लग्नाला आडकाठी नाही. पुढे पटलं नाही, एवढ्यावरून लग्न बनावट ठरत नाही. संशय आलाच, तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात: पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं, सकाळी आधी कोण उठतं? ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्डही दोनच वर्षांचं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. सोबत जोडखातं, घरभाड्याचा करार असे पुरावे.

पासपोर्टसाठी कवी
१९३५ साली ब्रिटिश कवी ऑडेन यांनी नाझींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एरिका मान यांच्याशी, फारशी ओळखही नसताना, लग्न केलं. तेव्हा ब्रिटिश माणसाच्या बायकोला नागरिकत्व आपोआप मिळे. दोघं एकत्र राहिले नाहीत, पण घटस्फोटही घेतला नाही. या लग्नाला फसवणूक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आज अशी लग्नं जुळवून देणाऱ्या एजंटांचा मामला मात्र निव्वळ पैशांचा. अमेरिकेत शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय एकदा बनावट लग्नाचा ठपका बसला, की पुढे अगदी खरंखुरं लग्न केलं तरी त्या जोडीदाराच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळत नाही. तेव्हा ‘फक्त कागदापुरतं लग्न’ असं कुणी सुचवलं, तर तिथूनच परत फिरा.