ज्ञानगंगेत वाघ आला, पुढे काय?

फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली गेली. कागदोपत्री तो टी१सी१. पुढे लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे १,३०० किलोमीटर चालत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या चालीचं खूप कौतुक झालं. पण २०५ चौरस किलोमीटरच्या या जंगलात रोही होते, रानडुकरं होती, बिबटे आणि अस्वलं होती. वाघीण मात्र एकही नव्हती. प्रजाती नामशेष होण्यामागे आपल्याला बंदूक आणि कुऱ्हाड दिसते. जंगल शाबूत असून, भक्ष्य असून, कायद्याचं संरक्षण असूनही केवळ जातभाईंपर्यंतची वाट तुटल्याने प्राणी संपू शकतो, हे सहज लक्षात येत नाही. लहान, एकाकी गटाला एखादी साथ किंवा लागोपाठचे दुष्काळ पुरतात. त्यातून तो तगला तरी नात्यातच पैदास होत राहते. ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये रुंद, काळ्या पट्ट्यांचे वाघ दिसतात. जनुकातला हा दुर्मीळ बदल तिथे इतका पसरला, कारण ते वाघ इतरांपासून तुटले आहेत, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं.

वाघ चालत आला म्हणजे वाट आहेच, असं कुणी म्हणेल. पण लांबवर भटकतात ते बहुधा नर. वाघीण सहसा आईच्या मुलखाजवळच ठाण मांडते. शिवाय ही वाट २०१९ ची. डिसेंबर २०२२ पासून वाशीम, मेहकर, सिंदखेड राजा या पट्ट्यातून समृद्धी महामार्गावर वाहनं धावत आहेत. त्याखाली वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवले, हे चांगलंच झालं. मात्र त्यांच्या तोंडाशी आडोसा नसेल तर जनावर तिथवर येणार कसं? उत्तरेला मेळघाटला जोडलेलं अंबाबरवा अभयारण्य याच जिल्ह्यात आहे, पण मध्ये पूर्णेचं शेतीचं खोरं, मुंबई–हावडा रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग आहे. ज्ञानगंगेत वाघीण आणून सोडण्याचा विचार झाला आणि बाजूला ठेवला गेला. ते योग्यच झालं. जोडी जमली असती, तरी मोठी झालेली बछडी गेली कुठे असती?

खरा कठीण आक्षेप शेतकऱ्याचा आहे. रोही-डुकरांनी ज्याचा हरभरा एका रात्रीत संपवला, त्याला वाघासाठी वाट राखा म्हणणं सोपं नाही. त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण वाटेसाठी त्याचं शेत काढून घ्यावं लागत नाही. वॉकर बहुतेक रात्री चालला आणि दिवसा आडोशाला दडून राहिला. तो दडला होता त्या झुडपात शिरलेला एक माणूस जखमी झाला. त्याखेरीज एवढ्या प्रवासात माणसांशी गंभीर संघर्ष झाला नाही. त्याला लागला तो ओढ्या-नाल्यांकाठचा झाडोरा, आणि नेमका तोच खोलीकरणात व रुंदीकरणात आधी खरवडला जातो. तलाव-नाल्यांतला गाळ-माती काढून रस्त्यांच्या भरावाला वापरायची आणि त्यातून पाणीसाठाही वाढवायचा, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ याच जिल्ह्याने राज्याला दिला. रस्ता आणि पाणी जिथे एका आराखड्यात बसलं, तिथे नाल्याचा एक काठ झाडांसह राखणं अशक्य नाही. ते काम यंत्रं उतरण्याआधी, मोजणीच्या वेळीच ठरायला हवं.