धारावीच्या पोटमाळ्याची नोंद

धारावीत कुणी घर मोजायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कागद काय आहेत? फोटोपास, लाइट बिल, मतदार यादीतलं नाव. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय चालतं, हे विचारणारे त्या मानाने थोडे. गेल्या चाळीस वर्षांत अशी काही माणसं आली. त्यांच्या कामाकडे मागे वळून पाहायची वेळ आज आली आहे, कारण आता वस्तीच जायला निघाली आहे.

१९८५मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले आणि धारावीच्या विकासाचे आराखडे सुरू झाले. सरकारी शिरगणती जोकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनला पटली नाही. कार्यकर्ते आणि रहिवासी गल्लोगल्ली फिरले, त्यांनी दारं मोजली. लोकसंख्या निघाली ५ लाखांच्या वर, सरकारी अंदाजाहून कितीतरी जास्त.

त्याच सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, ‘महिला मिलन’ या संघटनेतल्या बायका आपल्याला घर कसं हवं ते ठरवत होत्या. नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी साड्या ताणून खोल्या आखल्या आणि त्यात उभं राहून पाहिलं. त्यातून १४ फूट उंचीचं, आत पोटमाळा असलेलं घर पुढे आलं. धारावीतल्या मार्कंडेय सोसायटीत हा पोटमाळा प्रत्यक्ष बांधला गेला. कमी जागेत मोठं कुटुंब कसं मावतं, हे त्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

२००४मध्ये धारावीची सेक्टरांत विभागणी करून पुनर्विकास करण्याची योजना आली. तिने अभ्यासकांनाही जागं केलं. धारावीतल्या कोळीवाड्याचं म्हणणं साफ होतं : हे गावठाण आहे, झोपडपट्टी नव्हे. मार्च २००८मध्ये तिथल्या कोळी रहिवाशांबरोबर देशविदेशातले वास्तुविशारद आणि कलावंत ‘अर्बन टायफून’ या कार्यशाळेसाठी जमले. तिच्या आयोजकांपैकी मतियास एशानोव्ह आणि राहुल श्रीवास्तव यांनी पुढे ‘अर्ब्झ’ या गटातर्फे स्थानिक ठेकेदार आणि मिस्त्री यांच्यासोबत काम केलं. राहण्याची आणि कामाची जागा एकच असलेल्या घराला त्यांनी ‘टूल हाउस’ म्हटलं. २०१०मध्ये स्पार्क ही संस्था आणि जुहूचं कमला रहेजा वास्तुकला महाविद्यालय यांनी मिळून धारावीचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला.

अशा नोंदींचं मोल कुंभारवाड्यात गेलं की लगेच कळतं. सौराष्ट्राकडून आलेले कुंभार १९३०च्या दशकात इथे वसले. घर लांबट : रस्त्याच्या बाजूला माल विकायला, मधे राहायला आणि मागे माती मळायला, चाक फिरवायला जागा. त्याच्याही मागे मोकळ्या अंगणात कापसाच्या कचऱ्यावर पेटणाऱ्या भट्ट्या, शेजारपाजाऱ्यांच्या सामाईक. या अंगणाला घरनंबर नाही, त्यामुळे घरांच्या यादीत ते उतरतच नाही. पण भट्टी गेली तर पुढची तिन्ही दालनं कामाविना उरतील.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये धारावीच्या पुनर्विकासासाठी अदानी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची बोली सर्वाधिक ठरली. मार्च २०२४पासून घराघराला क्रमांक देत सर्वेक्षण सुरू झालं, ड्रोन आणि लेसरही आले. मापं पूर्वीपेक्षा अचूक असतील, यात शंका नाही. पात्रतेचा नियम मात्र तळमजल्याला वेगळा, वरच्या मजल्याला वेगळा. १ जानेवारी २०००पूर्वीच्या तळमजल्याच्या घरांना धारावीतच ३५० चौरस फुटांची मोफत जागा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर, भाडे-खरेदी तत्त्वावर. मार्कंडेय सोसायटीने ज्या पोटमाळ्याला घराचा भाग मानलं, तसल्याच माळ्यावर वाढलेली, शिडीने चढ-उतार करणारी कुटुंबं आता वस्तीबाहेर जाणार. हा अन्याय आहे.

पाडकाम पुढे सरकण्याआधी मुंबईतल्या वास्तुकला महाविद्यालयांनी धारावीतलं एकेक नगर वाटून घ्यावं. रहिवाशांच्या हाती टेप देऊन घरं, माळे, भट्ट्या, ओटे यांचे नकाशे काढावेत. आणि प्रत्येक नकाशाची एक प्रत, मराठी, हिंदी आणि तमिळमध्ये, त्या त्या नगरातल्या लोकांकडे ठेवावी; पात्रतेच्या सुनावणीत तिचा उपयोग त्यांनाच होणार आहे.