आखलेल्या वाटेवरचा ड्रॅगन

'पॅन्झर ड्रॅगून' या व्हिडिओ गेममध्ये ड्रॅगन कुठे जाणार हे खेळणाऱ्याच्या हातात नाही. बुडालेल्या शहरावरून तो आपला आपण उडतो. आपण त्याला जरासं वर-खाली, डावीउजवीकडे सरकवायचं आणि नेम धरायचा. अशा खेळांना रेल शूटर म्हणतात. सेगाने १९८५ मध्येच 'स्पेस हॅरियर'मधून ही जात लोकप्रिय केली होती. दहा वर्षांनी, मार्च १९९५ मध्ये, सेगाच्याच 'टीम अँड्रोमेडा'ने युकियो फुतात्सुगी यांच्या दिग्दर्शनाखाली सॅटर्न या यंत्रासाठी हा खेळ बनवला, आणि ठरलेल्या वाटेवर किती काही पाहता येतं ते दाखवून दिलं.

यातली खरी करामत म्हणजे मान वळवण्याची सोय. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही दिशांना नजर फिरवता येते. शत्रू पाठीमागून येतोय हे कोपऱ्यातल्या रडारवर कळतं. तिकडे वळलं की पुढचं दिसेनासं होतं. बटण दाबून धरायचं, नेमाची खूण शत्रूंवरून फिरवत न्यायची. एकेकावर शिक्का बसतो. बटण सोडलं की किरणं वळणं घेत ज्याच्या त्याच्या अंगावर जातात. हे जमू लागलं की हाताला एक लय सापडते.

सॅटर्नची ताकद बेताची होती, पण तिचा वापर हुशारीने केला गेला. या यंत्रात चित्रं काढणाऱ्या दोन वेगळ्या चिप होत्या. ड्रॅगन, शत्रू, खांब हे सगळं पहिलीने रेखाटायचं. दूरवर पसरलेलं पाणी मात्र पार्श्वभूमी सांभाळणाऱ्या दुसरीकडे सोपवलेलं. म्हणून ते पाणी क्षितिजापर्यंत अखंड दिसतं, आणि त्यातून मधूनच एखादा खांब वर आलेला असतो. बाकी सगळा ओसाडपणा. फ्रेंच चित्रकार मोबियस यांच्या चित्रांचा प्रभाव या जगावर उघड दिसतो. जपानी आवृत्तीच्या वेष्टनावरचं चित्रही त्यांचंच. पात्रांना तर या खेळापुरती घडवलेली भाषा दिली होती.

पोलंडच्या मेगापिक्सेल स्टुडिओने या खेळाची पुनर्निर्मिती केली, ती मार्च २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आली. प्रकाशक फॉरेव्हर एंटरटेनमेंट, परवाना सेगाचा. टप्प्यांचा क्रम आणि उडण्याची वाट त्यांनी जुनीच ठेवली, हे फार चांगलं केलं. सुरुवातीला नेम धरण्याबद्दल तक्रारी झाल्या. पुढच्या सुधारणांत यंत्र हातात तिरकं करून नेम साधण्याचीही सोय आली. योशिताका अझुमा यांचं मूळ संगीत साओरी कोबायाशी यांनी नव्याने बांधलं. मालिकेच्या पुढच्या काही भागांना त्यांनी संगीत दिलेलं असल्यामुळे या जगाचा सूर त्यांना आतून ठाऊक आहे, आणि तो ऐकू येतो.

चित्रांच्या बाबतीत मात्र माझं मन जुन्याकडेच ओढ घेतं. नव्या आवृत्तीत भिंतींवर वेली चढल्या आहेत, दगडांवर कोवळं ऊन पडलंय, पाण्याखालचे अवशेषही दिसतात. वाळवंटातले प्रचंड किडे वाळू फोडून वर येतात तेव्हा या तपशिलाचं सोनं होतं. पण पहिल्या टप्प्यात तोच तपशील आड येतो. मूळ खेळात तिथे नजरेला टेकायला जागा नव्हती, म्हणूनच ते जग कधीच संपून गेल्यासारखं वाटायचं. आता ते नांदतं वाटतं, सहलीला जावंसं. पडद्यावरची गर्दी वाढल्याने शत्रूही पटकन उठून दिसत नाही, आणि नेमावर चालणाऱ्या खेळात हे लहानसहान नुकसान नव्हे.

तरीही ज्याने सॅटर्न कधी पाहिलेला नाही त्याने इथूनच सुरुवात करावी. सगळा खेळ तासाभरात संपतो आणि लगेच पुन्हा खेळावासा वाटतो. २०१८ मध्ये पहिल्या भागाबरोबरच 'त्स्वाय' या दुसऱ्या भागाच्याही पुनर्निर्मितीची घोषणा झाली होती. तो मूळ खेळ १९९६ चा. त्यात ड्रॅगनचं पिल्लू आधी जमिनीवरून धावतं, मग उडायला लागतं. वाटांना फाटे फुटतात, आणि आपण कसं खेळतो त्याप्रमाणे ड्रॅगन रूप बदलतो. तो पुन्हा घडवणाऱ्यांनी वेली थोड्या कमी लावाव्यात आणि आभाळ मोकळं सोडावं.